मोबाईलची मापे



यंदाच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने व्यापारातील नव्या साधनांवर काही लिहावे अशी सूचना आम्हांस केली. हा विषय ऐकून घरातील तरुण मंडळींस हसू आले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आणि उभे आयुष्य धान्याच्या वखारीत गेलेल्या माणसाने वेगवान मोबाईलच्या यंत्ररचनेवर काय लिहावे, असा त्यांच्या हसण्याचा भाव होता. आमचे त्यांस एवढेच सांगणे आहे की मोबाईल हाही एक माल आहे. माल म्हटला की त्याचे माप काय, प्रत काय आणि बारदान किती, हे प्रश्न आलेच. आणि हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आमच्या धंद्यास पिढ्यान्‌पिढ्या आहे.

आज आपल्यापैकी बहुतेकांच्या पेढीवर तीन-चार मोबाईल असतात. एक गादीवर, एक दिवाणजींकडे, एक वखारीवर आणि एक चिरंजिवांच्या खिशात. ई-वे बिल त्यावर निघते, बँकेचा जमाखर्च त्यावर दिसतो, बाजारभाव त्यावर येतात, आणि २०१६ साली यूपीआय सुरू झाल्यापासून फुटकळ देणीघेणीही त्यावरच होतात. आमच्या पेढीसाठी तीन मोबाईल घ्यावयाचे होते, म्हणून दुकानांतून मिळणारी माहितीपत्रके आम्ही घरी आणून, चष्मा लावून, हिशेबाची वही तपासावी तशी तपासली. त्यांवरून आमचे जे मत बनले ते असे की, या खोक्यांवर छापलेल्या आकड्यांपैकी निम्मे आकडे माप या नावास पात्रच नाहीत. ते आकडे खोटे आहेत असे म्हणता येत नाही. परंतु त्यांवरून माल किती व कसा हे ग्राहकास कळत नाही.

ही स्थिती आपल्या व्यापारास अपरिचित नाही. वडिलधाऱ्यांच्या तोंडून आपण सर्वांनीच ऐकले आहे की पूर्वी प्रत्येक पेठेचा मण निराळा असे. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर बंगाली मण ८२ पौंडांहूनही अधिक. दोन्हींचे नाव एकच. पायली आणि शेर यांचे तर विचारूच नये. गाव बदलले की माप बदले, आणि माप शिगेचे की सपाट यावरून भांडणे होत. १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम आला, आणि हा घोळ संपला. त्या वेळी अनेक व्यापाऱ्यांनी कुरकूर केली, नवी वजने घेण्याचा खर्च झाला. पण आज परगावचा अपरिचित आडत्याही फोनवर शंभर क्विंटल म्हणतो तेव्हा त्याच्या क्विंटलात आणि आमच्या क्विंटलात फरक नसतो. मोबाईलच्या धंद्यास हे वर्ष १९५८ अद्याप उजाडावयाचे आहे.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील दोन थेट व्यापाऱ्यासाठीच आहेत. एक हीनाधिकमानोन्मान, म्हणजे घेण्याचे माप एक आणि देण्याचे दुसरे ठेवणे. दुसरा प्रतिरूपकव्यवहार, म्हणजे खऱ्या मालात त्याच्यासारखा दिसणारा हलका माल मिसळून तो खऱ्याच्या भावाने देणे. पुढील मजकूर वाचताना हे दोन शब्द वाचकांनी स्मरणात ठेवावेत.

प्रथम जे खरोखर कौतुकास्पद आहे ते सांगू. मोबाईलच्या काचेखाली अत्यंत पातळ, पारदर्शक अशा विद्युत्‌वाहक थराची जाळी असते. आपले बोट हे स्वतः विजेचे वाहक असल्यामुळे ते काचेजवळ येताच जाळीच्या त्या ठिकाणचा विद्युत्‌भार किंचित बदलतो. आतील यंत्रणा ही जाळी सेकंदातून शेकडो वेळा तपासून बदल नेमका कोठे झाला हे ओळखते. म्हणूनच पेन्सिलीचे टोक टेकविले तर काही होत नाही आणि बोटाचा नुसता स्पर्श पुरतो. अशा स्पर्शपटलाची कल्पना १९६५ साली ई. ए. जॉन्सन यांनी इंग्लंडमधील माल्व्हर्न येथे मांडली, ती विमानांच्या वाहतूक नियंत्रणासाठी. सर्वसामान्यांच्या खिशात ती खऱ्या अर्थाने आली २००७ सालच्या आयफोनपासून.

या पडद्याच्या वेगाचे माप हर्ट्झमध्ये देतात. ६० हर्ट्झ म्हणजे पडद्यावरील चित्र सेकंदात ६० वेळा नव्याने काढले जाते. एका चित्रास सुमारे १६.७ मिलिसेकंद. १२० हर्ट्झच्या पडद्यावर हाच अवधी ८.३ मिलिसेकंदांवर येतो. आपल्या शास्त्रकारांनी काळाचे मोजमाप मुहूर्तापासून आवलीपर्यंत आणि आवलीपासून अविभाज्य अशा समयापर्यंत नेले, त्यामुळे कालाच्या सूक्ष्म विभागणीचे आम्हां जैनांस नवल वाटू नये. परंतु मनुष्याने घडविलेली वस्तू मिलिसेकंदांत हिशेब करते याचे आम्हांस नवल वाटते, हे मान्य केले पाहिजे. आणि हे माप खरे माप आहे. १२० म्हणजे १२०, कोणाच्याही दुकानात. भावांची लांबलचक यादी बोटाने सरकविताना अक्षरे फाटत नाहीत, डोळ्यांस त्रास कमी होतो, हा फरक साठी उलटलेल्या डोळ्यांसही कळतो. मात्र याच पडद्याचे दुसरे एक माप, बोटाचा स्पर्श तपासण्याचा वेग, काही पत्रकांवर हजारांच्या घरात छापलेले असते, आणि तळाशी मुंगीच्या अक्षरांत लिहिलेले असते की हा वेग काही क्षणांपुरता, ठराविक खेळांतच मिळेल. धान्याच्या पोत्यावर आम्ही असे लिहिले तर मापाडीसुद्धा हसेल.

आता वेगाचा मुख्य प्रश्न घेऊ. मोबाईल जितका वेगवान तितका व्यवहार लवकर, असे विक्रेते सांगतात आणि आपली मुले मानतात. यूपीआयने पैसे देताना काय होते ते पाहावे. आपण रक्कम घालून गुप्त अंक दाबतो. ती सूचना आपल्या अॅपच्या बँकेकडे, तेथून राष्ट्रीय भुगतान निगमाच्या यंत्रणेकडे, तेथून आपल्या खात्याच्या बँकेकडे जाते. तेथे रक्कम वजा झाली की पुढे घेणाराच्या बँकेकडे, आणि सर्वांचे होकार गोळा होऊन परत आपल्या पडद्यावर येतात. या साखळीत आपल्या हातातील मोबाईलचे काम सर्वांत थोडे आणि सर्वांत जलद. पैसे अडकतात तेव्हा ते बहुधा कोठल्या तरी बँकेच्या दारात किंवा लहरींच्या वाटेत अडकलेले असतात. हमालाची चाल दुप्पट केली म्हणून रेल्वेचा डबा लवकर पोहोचत नाही.

लहरींचेही तसेच. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. वेगवान ५जी ज्या उच्च वारंवारितेच्या लहरींवर चालते त्या लहरी जाड दगडी भिंतींतून आणि पोत्यांच्या थप्प्यांतून आत शिरताना लवकर क्षीण होतात. आमच्या वखारीच्या दारात जो मोबाईल विजेसारखा चालतो तोच थप्पीच्या मागे गेल्यावर मुका होतो. यावर महाग प्रोसेसर हा उपाय नव्हे. मोबाईल कोणकोणत्या लहरी पकडू शकतो, त्यांत कमी वारंवारितेच्या किती, ही माहिती पत्रकाच्या शेवटल्या पानावर असते आणि ती कोणी वाचत नाही. ज्यांचे काम वखारीत आहे त्यांनी प्रथम तेच पान वाचावे.

एवढे म्हटल्यावर वेग निरुपयोगी आहे असा अर्थ कोणी काढू नये. लिलावाच्या वेळी पट्ट्या करणे, एकामागून एक ई-वे बिले काढणे, जीएसटीचे कागद उघडणे, ही कामे करणाऱ्या दिवाणजींच्या हातात मंद मोबाईल देणे ही खोटी काटकसर होय. स्वस्त मोबाईल वर्षभरात अडखळू लागतो, आणि त्याचे कारण पुष्कळदा प्रोसेसर नसून साठवणीचा प्रकार असतो. साठवणीच्या चकतीचे साधारण दोन प्रकार चालू आहेत. ईएमएमसी नावाचा जुना प्रकार सेकंदास फार तर ४०० मेगाबाइटपर्यंत माहिती देऊ शकतो, आणि तोही एका वेळी एकच काम, वाचणे किंवा लिहिणे. यूएफएस नावाचा नवा प्रकार त्याच्या साध्या रूपातही सेकंदास सुमारे १,००० मेगाबाइट देतो, वरच्या रूपात सुमारे ४,००० पर्यंत, आणि वाचणे-लिहिणे एकत्र चालविते. एका अरुंद दाराची वखार आणि दोन दारांची वखार यांत जो फरक तोच येथे आहे; एका दाराने माल आत येत असता बाहेर जाणाऱ्या गाडीस खोळंबावे लागते. मोबाईलच्या चपळाईसाठी इतकी महत्त्वाची ही गोष्ट खोक्याच्या दर्शनी बाजूवर आम्हांस एकाही ठिकाणी ठळक छापलेली आढळली नाही.

दर्शनी बाजूवर काय छापतात, तर आठ अधिक आठ. याचा अर्थ आम्ही दुकानदारास विचारला तेव्हा त्याने रॅम सोळा जीबी असे उत्तर दिले. हे उत्तर कोणत्याही प्रामाणिक काट्यावर उतरणारे नाही. रॅम म्हणजे चालू कामाची जागा, आपल्या गादीसारखी. साठवण म्हणजे मागील वखार. खरी रॅम आठ. उरलेले आठ हे वखारीतला एक कोपरा मोकळा करून त्यासच गादी म्हटलेले आहे. गादीवर जागा पुरेना की काही वह्या उचलून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवायच्या आणि लागल्या की परत आणायच्या. साठवणीची चकती रॅमच्या मानाने पुष्कळच मंद. त्यामुळे ही नेआण करण्यात वेळ जातो, आणि वारंवार लिहिल्याने चकतीची झीजही होते. शिवाय ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या साठवणीतूनच ते आठ जीबी कापले गेलेले असतात. म्हणजे त्याचाच माल त्यालाच दुसऱ्या नावाने पुन्हा विकला. आम्ही पाकिटावर पाच अधिक पाच किलो असे छापून आत पाच किलो पीठ दिले, तर वैधमापन खात्याचा निरीक्षक दुसऱ्या दिवशी पेढीवर हजर होईल, आणि ते योग्यच होईल. मग हा न्याय एका धंद्यास एक आणि दुसऱ्यास दुसरा का? प्रतिरूपकव्यवहार म्हणतात तो याहून निराळा काय असतो?

साठवणीच्या आकड्याचीही गोष्ट अशीच, जरी तिच्यात दोष थोडा आहे. १२८ जीबी म्हणून जे घेतो ते दहांच्या पटीने मोजलेले असते. संगणकाच्या दोनांच्या पटीने मोजले तर तेच सुमारे ११९ भरते. त्यातून पुढे मोबाईलची स्वतःची यंत्रणा आणि न मागता घातलेली अॅप्स आपली जागा व्यापून बसलेली असतात. हे सर्व बारदान. आपल्याकडे बारदान वजा करून निव्वळ वजन लिहिण्याची रीत आहे. मोबाईलच्या खोक्यावर ढोबळ वजन छापतात आणि बारदान किती हे घरी जाऊन पाहावे लागते.

प्रोसेसरवर लिहिलेला नॅनोमीटरचा आकडाही आज पिढीचे नाव होऊन बसला आहे; ४ नॅनोमीटर म्हटलेल्या चकतीत त्या मापाचा एकही भाग काढून दाखविता येईल असे नाही. लहान आकड्याची पिढी नवी असते आणि सहसा वीज कमी खाते, इतपत अर्थ त्यातून घ्यावा. चार्जरवरील वॉटचा मोठा आकडा बॅटरी रिकामी असतानाच्या काही मिनिटांपुरताच खरा असतो. ती भरत आली की वेग आपोआप उतरतो. आणि वेगवान प्रोसेसर तापला की स्वतःच आपला वेग कमी करतो, त्यामुळे पत्र्याच्या छपराखाली चैत्र-वैशाखात काम करणाऱ्यास तो पुरा वेग कितीदा मिळेल हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता ज्या गोष्टीमुळे आम्ही हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतो, ती म्हणजे कॅमेरा.

गेल्या काही वर्षांत आपल्या धंद्यात एक नवी पद्धत रूढ होत आहे. वक्कल आले की मूठभर दाणे तळहातावर घेऊन त्यांचा फोटो काढावयाचा, तो व्हॉट्सअॅपवर परगावच्या खरेदीदारास धाडावयाचा, आणि त्यावरच भाव पक्का करावयाचा. पूर्वी नमुन्याची पुडी जात असे. पुडीस एक-दोन दिवस लागत. फोटोस एक क्षणही लागत नाही. मागील हंगामात आमच्या पाहण्यात असा एक तंटा आला की फोटो पाहून पक्की केलेली तुरीची गाडी खरेदीदाराने दारात अडविली. त्याचे म्हणणे, फोटोत माल पिवळाधमक होता, हा फिकट आहे. विकणाऱ्याचे म्हणणे, फोटो याच पोत्यातील दाण्यांचा आहे. दोघेही नावाजलेले, दोघेही खरे बोलत होते. शेवटी क्विंटलमागे सूट देऊन गाडी उतरविली, परंतु दोन घरांतला जुना भरवसा गेला तो गेलाच.

खोटे बोलला असेल तर तो मोबाईल. कॅमेऱ्यातील प्रत्येक सूक्ष्म बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग टिपतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात. त्यानंतर यंत्र ठरविते की प्रकाश कोणत्या छटेचा आहे, ऊन आहे की ट्यूबलाईट, आणि त्याप्रमाणे सगळ्या चित्राचा रंग हलविते. समोर पांढरे काहीच नसेल आणि ताट भरून पिवळी डाळच असेल, तर डाळीचा पिवळेपणा हा प्रकाशाचाच दोष आहे असे समजून यंत्र तो फिका करू शकते. याच्या उलट, फोटो डोळ्यांस गोड दिसावा म्हणून बहुतेक कंपन्या रंग गडद करतात आणि कडा धारदार करतात, तेव्हा फिकट डाळही तेजस्वी दिसते. एका कंपनीच्या मोबाईलवर दाणा टपोरा व ताजा, दुसरीच्या मोबाईलवर तोच दाणा जुनाट. शिवाय पाहणाऱ्याच्या पडद्याचे रंग निराळे. याउपर व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करते, त्यात डागी दाण्यावरचा बारीक डाग पुसून जातो.

यावर दुकानदार म्हणतो, अधिक मेगापिक्सेलचा घ्या. १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीच्या कामात नऊ-नऊ बिंदू एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. ५० चा असेल तर चार-चार एकत्र करून साधारण तेवढाच. अंधूक उजेडात ही रीत उपयुक्त आहे, तिच्यात वाईट काही नाही. वाईट इतकेच की खोक्यावर १०८ छापतात. मागील बाजूस भिंगे चार आहेत म्हणूनही हुरळून जाऊ नये. त्यांत एखादे दोन मेगापिक्सेलचे भिंग संख्या भरण्यापुरते बसविलेले असते.

फोटो धाडणे बंद करावे असे आम्ही म्हणत नाही. ते आता शक्यही नाही. पण काही पथ्ये पाळता येतील. दाणे पांढऱ्या स्वच्छ कागदावर पसरावेत, कागदाची कड चित्रात येऊ द्यावी, म्हणजे यंत्रास पांढरे कोणते हे कळते आणि पाहणाऱ्यासही. फोटो दिवसा, उन्हात न काढता सावलीत काढावा. फ्लॅश लावू नये. रंग खुलविणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. व्हॉट्सअॅपवर तो फोटो म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जात नाही. आणि एवढे करूनही ओलावा, वास आणि दाण्याच्या पोटातील कीड या तीन गोष्टी जगातील कोणताही कॅमेरा दाखवीत नाही. दाणा दाताखाली धरून त्याचा कडकपणा पाहणाऱ्या आपल्या वडीलमंडळींस ओलावा जितका कळे तितका १०८ मेगापिक्सेलास कळत नाही. म्हणून फोटोवर बोलणी करावी, पण सौदा पुडी पाहून पक्का करावा, आणि पुडीचा अर्धा भाग दोघांच्या सहीनिशी बंद करून राखून ठेवावा. तरुण मंडळी म्हणतात की तोवर भाव निघून जातो. कधी कधी जाईलही. गाडी दारात अडली की काय जाते याचाही हिशेब मांडावा.

इतर दोन-तीन गोष्टी थोडक्यात. धुळीसाठी आयपी म्हणून दोन अंक छापतात. त्यांतील पहिला अंक धुळीचा, आणि तो ६ असेल तर धूळ आत शिरत नाही. भुसा आणि माती यांत वावरणाऱ्यांस पाण्याच्या दुसऱ्या अंकापेक्षा हाच अधिक कामाचा. पडद्याच्या उजेडाचा जो सर्वांत मोठा आकडा छापतात तो पडद्याचा लहानसा भागच उजळून मोजलेला असतो. म्हणून यार्डात भर दुपारी उन्हात पडदा वाचता येतो की नाही, हे दुकानाबाहेर येऊन प्रत्यक्ष पाहावे. ओल्या किंवा घामेजल्या बोटाने पडदा कधी एकाऐवजी दोन शून्ये उमटवितो, तेव्हा रक्कम मोठ्याने वाचून मगच गुप्त अंक दाबण्याची सवय दिवाणजींस लावावी. एकदा दुसऱ्याच्या खात्यात जमा झालेले पैसे आपल्या एकट्याच्या मर्जीने परत ओढता येत नाहीत. पोती उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत अशा हमाल बांधवांचे ठसे मोबाईल ओळखीत नाही, त्यांस अंकांची कळ लावून द्यावी. भाषेच्या बाबतीत मात्र सरकारने चांगले काम केले आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ या मानकानुसार बावीसही भाषांतील मजकूर मोबाईलवर वाचता आला पाहिजे. आपल्या सीमाभागात शेतकऱ्याची पट्टी कानडीत आणि घरची वही मराठीत असते. दोन्ही लिप्या एका कळफलकावर मिळतात, याचा उपयोग आपण करीत नाही हा दोष मोबाईलचा नाही.

शेवटचे माप आयुष्याचे. मोबाईल बंद पडतो त्याआधी पुष्कळदा त्याचे सुरक्षेचे अद्यतन बंद पडते, आणि मग बँकेचा व्यवहार त्यावर करणे म्हणजे कडी मोडलेल्या तिजोरीत रोकड ठेवणे. काही कंपन्यांनी आपल्या वरच्या किमतीच्या मोबाईलांस सात वर्षे अद्यतने देण्याचे जाहीर केले आहे. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या गॅलक्सी एस २४ पासून. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला की बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहिली पाहिजे, नमुन्याची विक्री थांबल्यानंतर पाच वर्षे अद्यतने आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, आणि दुरुस्ती किती सुलभ आहे याची प्रत खोक्यावर छापली पाहिजे. हे आहे माप. किंमत भागिले वर्षे असा हिशेब त्यावर मांडता येतो. परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतलेल्या घरांतून दर दिवाळीस नवा मोबाईल येतो तेव्हा त्या घरांसही हा भागाकार उपयोगी पडेल. जुन्याची बॅटरी बदलून आणखी दोन वर्षे काढता येतात का, हा प्रश्न घरातील भगिनींनी विचारावा, कारण पुरुषमंडळी तो विचारीत नाहीत.

संघाने दोन गोष्टी कराव्यात अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, ग्राहक व्यवहार मंत्रालयास आणि राज्याच्या वैधमापन खात्यास एक निवेदन द्यावे की मोबाईलच्या खोक्यावर खरी रॅम, बारदान वजा जाता निव्वळ साठवण, साठवणीचा प्रकार आणि अद्यतनांचे वर्ष ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती व्हावी, आणि अधिक चिन्ह घालून फुगविलेले आकडे बंद व्हावेत. पाकिटबंद मालाचे नियम २०११ पासून आपण पाळीत आहोत. तसेच इतरांनीही पाळावेत असे म्हणण्यास आपल्याइतका अधिकारी धंदा दुसरा नाही.

दुसरी सूचना लहान आहे. संघाच्या कार्यालयात उत्तरेकडील खिडकीपाशी एका टेबलावर पांढऱ्या ताटात तूर ठेवावी. तिचे फोटो सभासदांच्या निरनिराळ्या मोबाईलांवर एकाच वेळी काढून, मोबाईलांची नावे न लिहिता, आकडे घालून शेजारी फळ्यावर लावावेत. येणाऱ्या-जाणाऱ्याने ताट पाहावे, फळा पाहावा, आणि कोणता फोटो ताटाशी जुळतो त्याचा आकडा चिठ्ठीवर लिहावा. महिन्याभरानंतर चिठ्ठ्या मोजून यादी उघड करावी. तूर आमच्या पेढीवरून येईल. ती दर आठवड्यास बदलण्याची जबाबदारी आम्ही घेतो.